'दहशतवादी', 'अतिरेकी' की 'बंडखोर'?

प्रश्न असा आहे: एकाच हल्ल्याच्या बातमीत कुणी 'दहशतवादी' लिहितं, कुणी 'अतिरेकी', कुणी 'बंडखोर'. हे शब्द समानार्थी आहेत का?

नाहीत. 'अतिरेकी' म्हणजे टोकाच्या मताचा; त्याने शस्त्र उचललेलं असेलच असं नाही. 'बंडखोर' सत्तेविरुद्ध उठलेला. तो फक्त सैन्याशीही लढत असेल. 'दहशतवाद' हे मात्र पद्धतीचं नाव: राजकीय हेतूसाठी नागरिकांवर हिंसा करून बाकीच्यांना धाकात ठेवणं. म्हणूनच एकच माणूस बंडखोरही असतो आणि दहशतवादीही. हेतू न्याय्य असला, तरी बाजारात बॉम्ब ठेवणारा या शब्दातून सुटत नाही.

गफलत होते ती कृतीऐवजी कर्ता पाहून शब्द निवडल्याने. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जणांची हत्या झाली. सुरुवातीच्या तासांत अनेक विश्लेषकांनी इस्लामी संघटनांकडे बोट दाखवलं. मारेकरी अतिउजवा नॉर्वेजियन निघाल्यावर 'माथेफिरू' हा शब्द पुढे आला. २०१२ मध्ये न्यायालयाने त्याचं मन ठिकाणावर असल्याचं ठरवून त्याला दहशतवादाच्या गुन्ह्यासाठीच शिक्षा दिली. 'माथेफिरू' म्हणताच राजकीय हेतू दिसेनासा होतो, म्हणून वैद्यकीय निष्कर्षाआधी तो शब्द वापरूच नये.

अभ्यासकांची आकडेवारीही व्याख्येने बांधलेली असते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा १९७० पासूनच्या हल्ल्यांचा जागतिक विदासंच (डेटाबेस) फक्त बिगर-सरकारी गटांची हिंसा मोजतो. 'सरकारं दहशत माजवतात का?' याचं उत्तर त्यात शोधणंच चूक. आणि 'टेररिझम' हा मूळ शब्द तर १७९३-९४ च्या फ्रेंच क्रांतिकारी सरकारच्या कारभारावरून रूढ झाला! भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदाही याच गाठीत अडकला: मुक्तिलढे आणि सरकारी सैन्य व्याख्येत धरायचे की नाही?

लिहिताना विशेषण कृतीला लावा: 'दहशतवादी हल्ला'. माणसासाठी 'हल्लेखोर', 'बंदूकधारी' पुरतं. मग दोन्ही बाजूंची नावं अदलाबदल करून वाक्य वाचा. शब्द बदलावासा वाटला, तर पहिला चुकला होता. संघटनेबद्दल लिहिताना ती कुणी आणि कधी दहशतवादी घोषित केली, तेही लिहा. या याद्या बदलतात: नेल्सन मंडेला यांचं नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक निगराणी यादीत २००८ पर्यंत होतं, ते राष्ट्राध्यक्षपदावरून उतरून नऊ वर्षं झाली तरी.