ती गप्प आहे, पण हुशारी कुठे गेली नाही

ताई,

तुमच्या ड्युसेलडॉर्फच्या शेजारची, युक्रेनमधल्या खारकीवहून आलेली पंधरा वर्षांची मुलगी तिकडे गणितात पहिली यायची, आता जर्मनीत नववीच्या वर्गात तोंड उघडत नाही. डॉक्टर व्हायचं म्हणणारी पोर आता ‘माझं सगळं संपलं’ म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. शाळा आटोपती घेऊन हिला नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या व्यवसाय-प्रशिक्षणाला, घालावं का, असं तिच्या आईने तुम्हाला विचारलं.

एवढ्यात नको.

मराठी माध्यमातून दहावीला ९० टक्के मिळवलेली मुलं अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत इंग्रजीमुळे कशी कोलमडतात, ते मी दरवर्षी पाहते. या मुलीचं तर घर, मैत्रिणी, वडील, सगळंच मागे राहिलं. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी मांडलंय, की नव्या भाषेत गप्पा मारणं मुलांना दोनेक वर्षांत जमतं, पण त्या भाषेत विषय शिकून उत्तरं लिहायला पाच ते सात वर्षंही लागतात. मग आजच तिची कुवत कशी ठरवायची?

तुमच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात नव्याने आलेल्या मुलांना साधारण दोन वर्षं जर्मनचा वेगळा आधार मिळतो. शिवाय मातृभाषेची परीक्षा देऊन ते गुण एका परकीय भाषेच्या जागी धरता येतात. तिच्या बाबतीत हे कसं जमेल, ते शाळेत नक्की विचारा.

रात्री ती युक्रेनची ऑनलाइन शाळाही पूर्ण करते, हे वाचून जीव कळवळला. दोन शाळांचं ओझं कुणालाच पेलणार नाही. परदेशातल्या मुलांसाठी युक्रेनने कमी विषयांचा पर्याय ठेवलाय: भाषा, साहित्य, इतिहास असे विषय तिकडचे, बाकीचे इकडच्या शाळेतले धरतात. तो घ्यायला सांगा. सुटलेल्या संध्याकाळी तिला व्हॉलीबॉलला पाठवा. तिथे व्याकरण लागत नाही.

आउसबिल्डुंग कमी दर्जाचं मुळीच नाही. नर्सिंगचं तीन वर्षांचं असतं, शिकताना पगार मिळतो, अनुभवानंतर विद्यापीठाची वाटही उघडते. पण ते तिने निवडावं, घाबरून नव्हे.

आणि एक विनंती. पालकसभेत तिलाच आईची दुभाषी व्हावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. स्वतःबद्दलच्या तक्रारी स्वतःच आईला सांगायच्या, हे फार जड जातं हो. पुढच्या सभेआधी शाळेकडे दुभाष्या मागा, आणि जमलं तर तिच्या आईसोबत तुम्हीही जा.