लाइपझिगला ‘कम्युनिकेशन’ शिकायचं म्हणजे प्रचार शिकायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता केलीत, सध्या पुण्यात पीआर म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत सरकारी योजनांचं काम बघता आणि लाइपझिग विद्यापीठात कम्युनिकेशन मॅनेजमेंटचं एमए करावं म्हणता. पण वडील म्हणतात, “प्रचारच शिकायचा तर जर्मनीला कशाला? इथं फुकट मिळतो.” वडिलांना माझा नमस्कार सांगा. शंका रास्त आहे, आणि ती विचारायला लाइपझिगइतकं योग्य गाव सापडणं अवघड.

इथे १९१६ मध्ये कार्ल ब्युखर या अर्थशास्त्रज्ञाने वृत्तपत्रविद्येची संस्था काढली, जर्मनीतली पहिली. नाझी आले आणि हा विषय त्यांच्या दिमतीला लागला. युद्धानंतर शहर पूर्व जर्मनीत गेलं, १९५३ मध्ये विद्यापीठाला कार्ल मार्क्सचं नाव मिळालं, आणि त्या देशात विद्यापीठात पत्रकारिता शिकायची तर ती इथेच. वर्तमानपत्र हा सामूहिक प्रचारक आणि संघटक, हे लेनिनचं सूत्र तिथला पाया होतं. या विभागाला लोक ‘लाल मठ’ म्हणत. एकीकरणानंतर तो गुंडाळला गेला. मग १९९४ मध्ये त्याच विद्यापीठात ग्युंटर बेंटेले जनसंपर्काचे प्राध्यापक झाले. जर्मनभाषक जगातलं त्या विषयाचं ते पहिलं अध्यासन. हा सगळा इतिहास पोटात असलेल्या ठिकाणी तुम्ही शिकणार आहात. मला ही जमेची बाजू वाटते. ज्या विद्यापीठाला असा भूतकाळच नाही, तिथे ‘आम्ही फक्त माहिती देतो’ असं म्हणणं फार सोपं जातं.

आता रेषा कुठे, ते. पटवणं म्हणजे प्रचार, अशी व्याख्या केली तर डासांची पैदास रोखा म्हणून सांगणारी महापालिकाही त्यात येईल. मी दोनच गोष्टी बघते: बोलणारा स्वतःच्या नावाने बोलतोय का, आणि समोरच्याला उलट बोलायला जागा आहे का.

६ ऑक्टोबर १९८९ ला, पूर्व जर्मनीतल्या सत्तेविरुद्ध लोक रस्त्यावर येत होते तेव्हा, इथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात एक पत्र छापून आलं. ‘कष्टकऱ्यांची मागणी’ अशा थाटाचा मथळा, खाली कामगारांच्या सशस्त्र तुकडीच्या कमांडरचं नाव. मजकूर काय, तर निदर्शनं आता खपवून घेणार नाही, वेळ आली तर हातात शस्त्र घेऊ. सत्तेची धमकी जनतेच्या तोंडी घातलेली, आणि तिला उत्तर द्यायला त्याच पेपरात कुणाला जागा नाही. उत्तर रस्त्यावर मिळालं: ९ तारखेला सुमारे ७०,००० लोक चालले आणि गोळी सुटली नाही.

हे हुकूमशाहीचं झालं म्हणून सोडू नका. २००९ मध्ये उघडकीला आलं की जर्मन रेल्वेने २००७ मध्ये १३ लाख युरो खर्चून स्वतःचं नाव लपवून वाचकांची पत्रं, ब्लॉगवरचे मजकूर, जनमत चाचण्या पेरल्या होत्या. जर्मन जनसंपर्क परिषदेने जाहीर ठपका ठेवला. पत्र तेच, फक्त बंदूक नाही.

सरकारच्या बाबतीत इथे जर्मन घटना न्यायालयाचा १९७७ चा निकाल पाया मानला जातो. सरकारने आपलं काम लोकांना सांगावं, सांगायलाच हवं; पण करदात्यांच्या पैशातून सत्ताधारी पक्षाची निवडणुकीची जाहिरात करू नये, आणि मतदान जवळ आलं की हात आखडता घ्यावा. तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालतील असं सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली, आणि मग काय झालं ते एसटी स्टँडवरच्या होर्डिंगवर तुम्ही रोज बघता. हा जर्मन-भारतीय फरक प्रबंधाचा विषय म्हणून घ्या. कामाचा अनुभव हाताशी आहे, मराठी कागदपत्रं वाचता येतात. इथल्या विद्यार्थ्याकडे ते नाही.

अर्ज करण्यापूर्वी कुठल्याही विद्यापीठाचा अभ्यासक्रम नुसत्या नावावर घेऊ नका. विषयाचा इतिहास आणि नीतिशास्त्र सक्तीचं आहे की ऐच्छिक, हे पाहा. अध्यासनाला किंवा प्रकल्पांना कंपन्यांचा पैसा असेल तर तो वेबसाइटवर लिहिलाय का, हेही. पैसा असणं वाईट नाही, लपवणं वाईट. मागच्या प्रबंधांची यादी मागा. त्यात त्याच पैसे देणाऱ्यांवर टीका करणारा एखादा दिसला तर खुशाल अर्ज करा.

बाकी व्यवहाराचं. शिकवणी फी सध्या नाही, सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे (२०२४ चा आकडा, अर्ज करताना पुन्हा तपासा). एपीएस, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, ते आधी सुरू करा. खरी अडचण भाषेची. शिक्षण जर्मनमध्ये आहे, आणि दुसऱ्याच्या भाषेत कोण काय लपवतंय हे ओळखायला बी१ ही मधली पातळी पुरत नाही. मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या पुढच्या बॅचला नाव घाला, नोकरी तोवर सोडू नका.