लॉकडाऊनमध्ये आमच्या कमाटीबागेतल्या पळणाऱ्या ग्रुपमधले काही जण खचले, काही मजेत राहिले. हे स्वभावामुळे का?

स्वभावाचा त्याच्याशी बराच संबंध दिसतो, पण "बोलका माणूस खचतो, एकलकोंडा टिकतो" असा सरळ हिशेब नाही. मी बडोद्यात मानसशास्त्र शिकवते, त्या आधारावर सांगते. स्वभावाचे जे पाच मोठे पैलू मानले जातात, त्यांपैकी आयुष्याच्या समाधानाशी सगळ्यात ठळक नातं भावनिक अस्थिरतेचं दिसतं, आणि तेही उलटं: सतत काळजी करणारा, लवकर बिथरणारा माणूस एरवीही कमी समाधानी असतो. बहिर्मुखता आणि शिस्त यांचं नातं सहसा सुलट असतं. समाधान मोजायला मानसशास्त्रज्ञ डीनर आणि सहकाऱ्यांची 1985 ची पाच विधानांची प्रश्नावली सर्रास वापरतात. गुण 5 ते 35, जास्त गुण म्हणजे जास्त समाधान.

आता हौशी खेळाडूचं बघा. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला तेव्हा शिस्तीच्या माणसाने गच्चीवर फेऱ्या मारून नेम टिकवला असेल. पण जो मुळात पहाटेच्या गप्पांसाठी, नंतरच्या चहासाठी यायचा, त्याचं पळणंच नाही, माणसंही गेली. म्हणून माझ्या मते "किती पळायचा" यापेक्षा "कशासाठी पळायचा" हे आधी विचारावं.

एक मात्र लक्षात ठेवा: हे सगळे सहसंबंध आहेत, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात इतकंच; कारणं नव्हेत. घरातलं आजारपण, बुडालेला पगार, दोन खोल्यांत सहा माणसं, यांनी भल्या खंबीर स्वभावाचाही माणूस खचतो. तेव्हा ग्रुपमधल्या कुणाला "तुझा स्वभावच तसा" असं कृपा करून म्हणू नका.