धानाचा मिथेन मोजायच्या आधी

बाबू,

तुझा टेबल पाहिला. भारत आणि चीन, धानाच्या शेतातून निघणारा मिथेन (हवा तापवणारा वायू), विषय झकास आहे, पण दोन देशांचे एकूण आकडे बाजूबाजूला ठेवून तू निकालही देऊन टाकला, इतकी घाई कायची बाप्पा?

धानाखालचं क्षेत्र आपलं जास्त, साडेचार कोटी हेक्टरच्या आसपास, चीनचं तीन कोटीच्या आसपास. तरी दोन्ही देशांच्या सरकारी हिशोबात त्यांचा मिथेन आपल्या दुपटीहून जास्त निघते. काऊन? इथंच खरा अभ्यास आहे अन् तू नेमका तोच सोडला.

बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपते, मग कुजणाऱ्या तणसावर, शेणखतावर मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जोर धरतात, आणि हा वायू बुडबुड्यांतून थोडाच निघते, बहुतेक धानाच्याच खोडातल्या पोकळ्यांतून वर येते. म्हणजे पाणी किती दिवस उभं होतं आणि चिखलात काय गाडलं, हे दोन प्रश्न आधी. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या हिशोबाच्या नियमांच्या २०१९ च्या सुधारणेत सतत पाणी असलेल्या शेताचा मिथेन १ धरला तर मधून मधून अनेकदा पाणी काढलेल्याला ०.५५ आणि पावसाच्या भरवशावरच्या, दुष्काळ पडणाऱ्या शेताला फक्त ०.१६ आहे. आता आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं बघ, बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाण्याखालची बांधी एक, उंचावरची आवत्याची (रोवणी न करता बी फेकून पेरलेली) बांधी दुसरी, एकाच गावात हा फरक, अन् तू अख्ख्या देशाला एक आकडा लावतो! चीनमध्ये हंगामाच्या मध्ये पाणी काढायची पद्धत बरीच रुळलेली आहे, पण तिथं बहुतेक धान ओलिताचं, शिवाय काडकचरा शेतातच परत घालतात, तोही हिशोबात घे.

दुसऱ्याच्या मातीतला आकडा उसना आणला की काय होते त्याचा नमुना आपल्याच देशाचा आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण एजन्सीच्या अंदाजात भारतातल्या धानाच्या नावावर वर्षाला ३७.८ दशलक्ष टन मिथेन लावला होता, तोही बाहेरच्या शेतांतल्या मोजमापावरून ताणून. मग शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या लोकांनी १९९१ मध्ये देशभर बांध्यांवर वायू गोळा करायच्या पेट्या ठेवून मोजलं, तर आकडा ४ च्या जवळ आला! जवळपास नवव्या हिश्श्यावर. हे मी तुला देशाभिमानापायी सांगत नाही, आपला मिथेन आहेच आणि कमी करता येते, पण आधी मोजलेला पाहिजे.

आता टेबलाचं. एकूण टन ठेव, पण बाजूला हेक्टरी आणि एक टन धानामागे असे दोन रकाने टाक, कारण चीनमध्ये हेक्टरी सात टनांच्या आसपास धान होते, आपली सरासरी चारच्या थोडी वर, त्यामुळे टनामागं पाहिलं की हेक्टरी दिसणारा फरक बराच कमी होते. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आकडा देशील तर गुणक (एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवते तो आकडा) तपास, आयपीसीसीच्या जुन्या अहवालात २१ आहे, नव्यात २८, दोन्ही मिसळले तर सगळी मेहनत पाण्यात. पाणी काढल्यावर नायट्रस ऑक्साइड, हाही हवा तापवणारा वायू, वाढू शकते, ते एका ओळीत का होईना लिही.

आणि उन्हाळी धान खरिपात मिसळू नको. त्याला पंपाचं नाहीतर कालव्याचं पाणी, त्याची ओळच वेगळी ठेव.



तुझा,
सर