समकालीन कला केंद्रातल्या कार्यक्रमांना लेकरांना घेऊन एवढ्या लांब जाणं खरंच उपयोगाचं आहे का?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या एका कला केंद्राची कार्यक्रमांची यादी बघितली, त्यात गाइडेड वॉक आहे, आर्टिस्ट टॉक आहे, लिनोकट प्रिंटचं (मऊ लिनोलियमवर कोरून शाईनं कागदावर छापायचं) वर्कशॉप आहे, एका संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे, तर सहावीतल्या मुलाला घेऊन नांदेडहून जावं का. जा. वर्कशॉपच्या दिवशी जा, उद्घाटनाच्या दिवशी बिलकुल जाऊ नका.

मी परभणी जिल्ह्यात 24 वर्षांपासून कलाशिक्षक आहे, म्हणून हे एवढ्या खात्रीनं सांगतोय. उद्घाटनाचं आधी सांगतो. एकदा आमच्या पोरांना संभाजीनगरला एका ठिकाणी जलरंगाच्या प्रात्यक्षिकाला नेलं होतं. चित्रकार दहाला तयार होते, कागद बोर्डाला टेपनं चिकटवून पाण्यानं भिजवून ठेवलेला, कारण त्यांना ओल्यावर ओलं काम दाखवायचं होतं, आकाश आणि लांबचे डोंगर. मग पाहुणे आले, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आणि कागद पंख्याखाली खडखडीत वाळला. त्यांनी उठून परत भिजवला. तो पण वाळला. साडेबाराला माइक त्यांच्याकडं आला तेव्हा आमची परतीची बस पकडायला पंचवीस मिनिटं राहिली होती, लेकरांनी फक्त एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एक हात, बघितला. सगळ्यांचे सत्कार झाले, जे बघायला आलो तेच राहिलं. माझा राग तेव्हापासूनचा आहे.

त्याच्यानंतर 2019 मधी मी हट्टानं नववीची अकरा लेकरं आणि एक मॅडम असं रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला लिनोकटच्या वर्कशॉपला गेलो. शनिवार होता. तिथं भाषण नाही, हार नाही. चाळिशीतल्या एक बाई होत्या, नाव सांगून लगेच लिनोचे तुकडे वाटले आणि म्हणाल्या आधी हे पाच मिनिटं उन्हात धरा, गरम झालं की कोरणी सुरीसारखी चालते, गार असलं की घसरून बोटात जाते. मग एकच शब्द कोरायचा, पण तो छापल्यावर सरळ दिसला पाहिजे म्हणजे लिनोवर उलटा पाहिजे. इंग्लिशमधी हे सोपं जातं हो, देवनागरीत नाही. मुंबईच्या एका शाळेतली मुलं पण होती, सगळेच अडकले, कुणाचा काना चुकीच्या बाजूला, कुणाची शिरोरेषा बरोबर पण अक्षरं सरळ.

आमचा एक पोरगा, ज्याला मी ड्रॉइंगच्या तासाला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यानं ट्रेसिंग पेपर न घेता डायरेक्ट पेन्सिलनं "जिंतूर" उलटं लिहिलं. उजवीकडून सुरू केलं, पहिली वेलांटी "ज"च्या उजव्या अंगाला, अनुस्वार नीट, तूचा उकार उलट्या बाजूला वळलेला. बाई थांबल्याच. तुला हे कुणी शिकवलं रे? तो म्हणाला, "कुणी नाही मॅडम, आमच्या घरी सगळं उलटंच राहतंय." त्याचे वडील तहसीलसमोर टेबल टाकून रबरी शिक्के करतात, लहानपणापासून उलट्या अक्षरांतच बसलेला. बाईंनी त्याला सगळ्या टेबलांवर फिरवलं आणि पुढचा तासभर मुंबईची पोरं त्याच्या मागं, माझं बघ ना, माझं बघ ना. रोलर शाईवर फिरवताना जो चिकट चर्र आवाज येतो त्याच्यावरून शाई जास्त झाली का कमी हे सुद्धा त्यालाच आधी कळायला लागलं. प्रेस नव्हतं, कागदावर स्टीलच्या चमच्याची पाठ घासून प्रिंट काढायचे. कागद उचलला, जिंतूर. सरळ, काळंभोर.

चार वर्षं मी त्याचा शिक्षक होतो आणि मला हे माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, असल्या कार्यक्रमात मुलाला काय "शिकवलं" हे बघू नका, त्याच्या हातात काय आहे हे तुम्हालाच तिथं कळतं.

परत आलो तर सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, सर ही पिकनिक झाली, तीन तासांत एक कागद छापून आणला, ह्यात शिक्षण कुठंय. अकराही लेकरांची शनिवारची गैरहजेरी लागली होती, ती शेवटपर्यंत काढली नाही. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आला की दहावीला 7 मार्क वाढतात, तेवढ्यापुरती ह्यांना चित्रकला पाहिजे. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, नंतर सुचलं, ते इथं लिहितो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायचे, 1872 पासून 1885 पर्यंत, मधी काही वर्षांचा खंड पडला तेवढा सोडून. लेण्यांतल्या भिंतीसमोर बसून तिथल्या चित्रांच्या नकला करायच्या, दुसरं काही नाही. त्यातल्या कितीतरी नकला लंडनला गेल्या आणि 1885 मधी तिथं आगीत जळून गेल्या. पण ती पोरं शिकली का नाही? तिथं बसून जो हात तयार झाला तो जळाला का? मुंबईची पोरं मराठवाड्यात एवढे सीझन येऊन बसली तर तो कलेचा इतिहास, आणि मराठवाड्याची पोरं एका शनिवारी मुंबईला गेली तर ती पिकनिक, हे मला मान्य नाही, कधीच होणार नाही.

बाकी तुमच्या यादीचं. गाइडेड वॉक घ्या, समकालीन कामात नुसती खोलीत पडलेली दोरी किंवा माती बघून आपण पुढं जातो, कुणी सोबत असलं की थांबतो. केरळात कोचीचं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कला प्रदर्शन, 2012 मधी सुरू झालं, फोर्ट कोचीच्या जुन्या वखारींमधी भरतं, तिथं तर कॉलेजच्या पोरांसाठी वेगळं स्टुडंट्स बिनालेच ठेवलंय, पुढं मुलगा मोठा झाला की तिकडं पण न्या. आर्टिस्ट टॉक सहावीच्या लेकराला जड जाईल, आणि बऱ्याचदा इंग्लिशमधी असतो, तुम्हाला स्वतःला ऐकायचा असेल तर ऐका.

हां, जायच्या आधी फोन करा. वर्कशॉपला जागा कमी असतात, वयाची अट असते, फी कधी घेतात कधी नाही. सुट्टीचा वार सगळ्यांचा एक नसतो, मुंबईतलं एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. भाषा कोणती चालेल ते पण विचारून घ्या, मराठीतून बोलणारं कुणी असेल तर त्याच दिवशीचं नाव द्या. आणि शर्ट जुना घाला, प्रिंटची शाई तेलातली असली तर पाण्यानं जात नाही, आमच्या एकाचा युनिफॉर्म गेला होता.