जर्मनीत भाड्याचं घर किचनशिवाय मिळतंय, दोन वर्षांसाठी सामान घ्यावं की फर्निचरवालं घर शोधावं?

दोन वर्षं राहणार असाल तर हे घर सोडू नका. सहा-आठ महिन्यांचाच प्रश्न असता तर फर्निचरसकट घर बघा म्हटलं असतं. त्या घरांना दर महिन्याला जे जास्तीचं भाडं पडतं, त्यात दोन वर्षांत जुनं सामान निघून येतं, आणि जाताना ते विकताही येतं.

किचन नाही म्हणून तुम्ही दचकलात, पण इथे हा नेहमीचाच प्रकार आहे. भाडेकरू ओटा, सिंक, कपाटं, कधीकधी नळसुद्धा खोलून नेतो आणि भिंतीतून आलेले पाइप तेवढे मागे राहतात. तुम्ही लिहिलंय की घर पाहिलं तेव्हा जुना भाडेकरू आत होता आणि ताबा पुढच्या महिन्यात आहे. मग आजच त्याला गाठा आणि किचन विकणार का विचारा. अशा सामानासाठी जुन्या भाडेकरूला जी रक्कम देतात तिला इथे आब्लोझे (Ablöse) म्हणतात. खोलून न्यायची कटकट त्यालाही नकोच असते, तेव्हा भाव करायला लाजू नका. वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा भलतीच जास्त रक्कम मागणं कायद्यालाही मान्य नाही. काय काय घेतलं, ते किती जुनं आहे आणि किती पैसे दिले याचा कागद दोघांच्या सहीने करा. घरमालकाच्याही कानावर घाला.

सौदा जमला नाही तर क्लाइनआनत्साइगन (Kleinanzeigen) या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर अख्खी किचनं मिळतात, मात्र बहुतेक वेळा स्वतः खोलून न्यायच्या अटीवर. घ्यायच्या आधी पाणी आणि शेगडीचं कनेक्शन कुठल्या भिंतीला आहे ते मोजून घ्या. मोठी शेगडी-ओव्हन ४०० व्होल्टच्या कनेक्शनवर चालते, ती इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घ्यायची. तोवर साध्या सॉकेटवर चालणारी दोन प्लेटची इंडक्शन पुरते. आणखी एक, जे कोणी सांगत नाही: गरम पाणी सिंकखालच्या छोट्या, सहसा पाच लिटरच्या, बॉयलरमधून येत असेल तर नळ कमी दाबाचा, तीन नळ्यांचा लागतो. साधा नळ लावला तर तापून फुगलेल्या पाण्याला वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते.

बाकी सामानाची घाई नको. गादी नवी घ्या, बाकी जवळपास सगळं जुनं चालतं. उशीचं माप इथे सहसा ८० × ८० सेंटिमीटर असतं, त्यामुळे सोबत आणलेली खोळ बसेलच असं नाही. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतील, म्हणून पहिल्या संध्याकाळसाठी प्लगवाला उभा दिवा जवळ ठेवा. जुन्या वस्तूंसाठी वस्तू बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि 'पैसे घ्यायला या लिंकवर कार्डाचा नंबर टाका' असं कोणी म्हणालं तर बोलणंच बंद करा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. हिवाळ्यात त्या थंड भिंतीवर ओल धरते आणि मागे बुरशी येते. मग ती कोणामुळे आली यावर घरमालकाशी वाद सुरू होतो. त्यासाठीच रोज दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. खिडकी दिवसभर नुसती वरच्या बाजूने तिरकी उघडून ठेवण्याचा उपयोग होत नाही, भिंती मात्र गार पडतात. ड्रिल रविवारी चालवू नका, शेजारी दारात उभे राहतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. ताब्याच्या दिवशी प्रत्येक ओरखडा, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लेखी घ्या, फोटो काढा. पुढे डिपॉझिट त्यावरच ठरतं. डिपॉझिट हीटिंग वगैरे खर्च वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या तीन महिन्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. बेल आणि पत्रपेटीवर आडनाव लगेच लावा, कारण पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो आणि पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. रेडिओ-टीव्हीचं १८.३६ युरो मासिक शुल्क घरामागे असतं, माणसामागे नाही. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं.

सही करायच्या आधी करारात 'क्युंडिगुंग्सफरत्सिष्ट' (Kündigungsverzicht, म्हणजे नोटीस द्यायचा हक्क सोडणं) हा शब्द शोधा. एरवी भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. हे कलम असेल तर ठरलेली मुदत संपायच्या आत नोटीस देऊन निघता येत नाही. कंपनीने तुम्हाला वर्षभरातच परत बोलावलं तर काय, हे घरमालकाशी आत्ताच बोला, आणि जमलं तर ते कलम काढून किंवा निदान मुदत वर्षावर आणून घ्या.