आखूड नळीच्या शिकारी रायफलीचा धक्का कमी कसा करावा?

तुमची रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची, नळी १६.५ इंच, दुर्बिणीसकट वजन ३ किलो. थोडे बार काढले की खांदा दुखतो, नेम चुकायला लागतो, म्हणून मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचं, वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारं नळकांडं) बसवावा का असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की ब्रेकचा विचार सगळ्यात शेवटी करा.

नळी आखूड झाली म्हणून मागे येणारा धक्का वाढत नाही. गोळी जरा मंद निघते, त्यामुळे उलट तो किंचित घटतो. रायफल हलकी झाल्याने तेवढाच परत वाढतो, म्हणजे हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. खरा फरक नळीच्या तोंडाशी पडतो. नळी लवकर संपते, वायूचा दाब अजून बराच असताना गोळी बाहेर पडते, आणि आवाज, झोत, ज्वाला सगळं चेहऱ्याच्या जवळ येतं. शरीर हा स्फोट आणि खांद्यावरचा धक्का वेगवेगळे मोजत नाही. दोन्ही मिळून ‘लाथ’ वाटते आणि पुढच्या बाराला चाप ओढण्याआधीच आपण दचकतो.

म्हणून आधी कान. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही एकदम. १४० डेसिबलच्या वरचा एक बारही कानाला कायमची इजा करू शकतो, आणि .३०८ त्याच्या बरीच वर जाते. दुहेरी संरक्षण घेतल्यावर तीच रायफल सौम्य वाटल्याचं मी अनेकांकडून ऐकलंय, माझाही तोच अनुभव आहे. दचकणं तपासायचं असेल तर मित्राला तुमच्या नकळत मधूनच डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस भरायला सांगा. ते आलं की चाप ओढताना नळी खाली झुकते का ते पाहा. झुकत असेल तर काही दिवस अगदी कमी धक्क्याच्या .२२ रायफलीवर सराव करा. खांद्याशी लावायच्या कुठल्याही मऊ पॅडपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता वजन. १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅम) गोळी आणि ३ किलोची रायफल धरली तर धक्क्याची ऊर्जा साधारण २३ जूल येते. दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात, अर्धा किलो वजन भरा, ती २० च्या आसपास उतरते. डोंगर चढायचा असेल तर हे वजन जाचक होईल, पण मचाणावर किंवा आडोशाला बसून शिकार करणाऱ्याने ते जरूर घ्यावं.

दस्त्याची लांबी तुमच्या मापाची हवी. आखूड असेल तर दुर्बीण भुवईवर आदळते, लांब असेल तर टोक खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतं. चांगला मऊ रिकॉइल पॅड ऊर्जा कमी करत नाही, तीच ऊर्जा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो. खांद्याला फरक कळायला तेवढं पुरतं. पॅडने लांबी वाढते, म्हणून जाड पॅड लावताना दस्ता तेवढा कापून घ्यावा लागतो. टेबलावर पुढे वाकून नेम बसवताना लाथ सगळ्यात जास्त लागते, तिथे शक्य तितकं ताठ बसा.

काडतूस बदलणं सगळ्यात सोपं. १२५ ग्रेन गोळीची, कमी धक्क्याची तयार काडतुसं मिळतात. धक्का साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरतो, आणि हरणाच्या आकाराच्या जनावराला मध्यम अंतरावर ती पुरतात. स्वतः काडतुसं भरत असाल तर मनाने दारू कमी करू नका. मंद जळणारी दारू फार कमी भरली तर दाब अचानक धोकादायक चढू शकतो. काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्याच मापाने भरा.

एवढं करून भागलं नाही तर ब्रेक. आखूड नळीवर तो उत्तम चालतो, कारण वळवायला वायू भरपूर असतो. चांगला ब्रेक धक्का तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी करतो. पण तोच वायू बाजूला आणि मागे फेकतो, म्हणजे ज्या आवाजाने तुम्ही दचकता तोच वाढवतो. शिकारीत शेजारी वाटाड्या किंवा सोबती असतो, त्याच्या कानांचा विचार मला सोडवत नाही. म्हणून माझ्या शिकारी रायफलीवर मी ब्रेक ठेवत नाही. कायद्याने परवानगी असेल तिथे सप्रेसर (नळीच्या तोंडावर लावायचं, आवाज दाबणारं नळकांडं) कितीतरी बरा: धक्काही कमी, आवाजही कमी, फक्त लांबी वाढते.

ब्रेक बसवायचाच ठरला तर आटे जाणत्या बंदूक कारागिराकडूनच पाडून घ्या. ब्रेकचं भोक नळीच्या अक्षाशी जुळलं नाही तर गोळी आतून घासते. बसवल्यावर गोळी लागण्याची जागा सरकते, तेव्हा शिकारीला निघण्याआधी कागदावर नेम पुन्हा बसवून घ्या.